बेसबॉल टीम, देणग्या आणि हिरवं स्टेडियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्याकडे बॉस्टनला कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून येतात, मग ग्रुप तिकिटं काढून इथल्या रेड सॉक्स टीमच्या बेसबॉल स्टेडियमला, फेनवे पार्कला, एक तरी मॅच होतेच. खेळ कळो ना कळो, प्रश्न भरपूर येतात. हा रॅफलवाला काय विकतोय, गच्चीवर ती भाजी कसली, जिमी कोण, मॅच संपल्यावर एवढा कचरा जातो कुठे. इतक्या वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्या जणांनी विचारलेत की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकू. जिथे मला जास्त माहितीये आणि जास्त आतून वाटतं तिथे लांबलंय, बाकी ठिकाणी पटकन उरकलंय.

बेसबॉल टीम म्हणजे धंदा ना? मग या लोकांना देणग्या गोळा करायची काय गरज?

धंदा आहेच, आणि मोठा आहे. पण बेसबॉलचं गणित बाकी खेळांपेक्षा वेगळं आहे. मेजर लीग म्हणजे इथली सगळ्यात वरची बेसबॉल स्पर्धा, तिच्यात ३० टीम, प्रत्येक टीम सीझनला १६२ मॅच खेळते आणि त्यातल्या ८१ स्वतःच्या घरच्या मैदानावर. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच गल्ली, तेच स्टेडियम, हजारो माणसं. एवढी माणसं एकाच जागी पुन्हा पुन्हा येतात म्हटल्यावर तिथे डबा फिरवला तर पैसा जमतो, रक्तदान ठेवलं तर रक्त मिळतं, आणि कचऱ्याची चांगली सवय लावली तर ती सवय ८१ वेळा घोटली जाते. आपल्याकडे गणपती मंडळं वर्गणीतून रुग्णवाहिका घेतात, शाळेला वह्या देतात, तसंच समजा, फक्त इथे गणपती सहा महिने बसलेला असतो. बहुतेक टीमचं स्वतःचं फाउंडेशन, म्हणजे मदतकार्य करणारी संस्था, असतं. आमच्या रेड सॉक्सचं २००२ मध्ये सुरू झालं.

फेनवेमध्ये सगळीकडे जिमी फंड लिहिलेलं दिसतं. हा जिमी कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

१९४८ साली बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर, म्हणजे ल्युकेमियावर, काम करत होते. तेव्हा हा आजार म्हणजे घरी न्या आणि देवाचं नाव घ्या एवढाच उपाय. फार्बरना पैसा हवा होता, लोकांपर्यंत पोचायचं होतं. मग २२ मे १९४८ ला एका देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात थेट हॉस्पिटलच्या खोलीतून बारा वर्षांच्या एका पेशंटशी बोलणं झालं. मुलाचं नाव उघड होऊ नये म्हणून त्याला जिमी म्हटलं. तो बॉस्टन ब्रेव्हज टीमचा पक्का फॅन, आणि बोलता बोलता ब्रेव्हजचे खेळाडूच एकेक करून त्याच्या खोलीत शिरले, पलंगाभोवती उभे राहिले. जिमीला काय हवं होतं, तर एक टीव्ही, ब्रेव्हजच्या मॅच बघायला. लोकांना सांगितलं की पैसे पाठवा. टीव्ही तर आलाच, पण पहिल्याच वर्षी २ लाख ३० हजार डॉलरच्या वर रक्कम जमली, आणि १९४८ चे डॉलर हे लक्षात घ्या. हाच तो जिमी फंड.

पुढे १९५३ मध्ये ब्रेव्हज टीमच बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेली. आता फंडाचं काय? तर रेड सॉक्सचे मालक टॉम यॉकी यांनी तो आपल्या टीमकडे घेतला आणि तेव्हापासून आजपर्यंत तो सुटलेला नाही. टेड विल्यम्स, म्हणजे त्या काळातला इथला तेंडुलकर म्हणा, हॉस्पिटलमध्ये मुलांना भेटायला जायचा आणि पत्रकारांना सोबत घ्यायचा नाही. आणि जिमी? सगळ्यांना वाटत होतं तो कधीच गेला असेल, कारण त्या काळी मुलं वाचायचीच नाहीत. पण १९९८ मध्ये कळलं की तो जिवंत आहे! खरं नाव आयनार गुस्ताफसन, मेन राज्यातल्या न्यू स्वीडन गावचा शेतकऱ्याचा मुलगा, मोठेपणी ट्रक चालवायचा, मुलाबाळांचा बाप. पन्नास वर्षांनी तो परत समोर आला. २००१ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी गेला.

यात आपल्याकडचा एक धागा आहे जो इथे राहणाऱ्या भारतीयांनाही बहुतेक वेळा माहीत नसतो. फार्बरनी ल्युकेमियाच्या मुलांवर जे पहिलं यशस्वी औषध वापरलं, ॲमिनोप्टेरिन, ते लेडर्ली या औषध कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. ते १९४८ मध्येच न्यूयॉर्कमध्ये वारले, जिमीच्या त्या रेडिओ कार्यक्रमानंतर तीनच महिन्यांत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून फेनवेच्या भिंतीवर ती पाटी दिसली की मला सुब्बाराव आठवतात, दरवेळी.

मॅच मधेच थांबते आणि सगळे उभे राहून हातात कागद धरतात, ते काय असतं?

कॅन्सरसाठी. स्टँड अप टू कॅन्सर नावाची संस्था आहे, तिला मेजर लीगने २००८ मध्ये सुरुवातीची देणगी दिली, आणि २००९ पासून वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनलमध्ये, आणि पुढे निवडक खेळाडूंच्या ऑल स्टार मॅचमध्येही हा प्रसंग होतो. प्रेक्षक, खेळाडू, अंपायर, भेळवाल्यासारखा शेंगदाणे विकणारा माणूससुद्धा, सगळे आपल्या माणसाचं नाव लिहिलेला कागद वर धरतात, आणि स्टेडियम एकदम शांत होतं. माझी आई टीव्हीवर बघत होती, तिने विचारलं हे काय, मी सांगितलं, तर ती उठून आत गेली आणि किराणाच्या यादीच्या मागे माझ्या मावशीचं नाव लिहून घेऊन आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात हे दरवर्षी होतं.

५०-५० रॅफल म्हणजे जुगार आहे का? घ्यावं का?

लॉटरीच आहे, पण अर्धी रक्कम चॅरिटीला. मॅच चालू असताना तिकिटं विकतात, जमलेल्या पैशातले अर्धे एका विजेत्याला आणि अर्धे फाउंडेशनला. नियम प्रत्येक राज्यात वेगळे, वयाची अट असते, आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही त्या राज्यात असाल तरच ऑनलाइन घेता येतं. दोन गोष्टी आपली मंडळी नेहमी चुकतात. एक, रॅफलचं तिकीट ही देणगी धरली जात नाही, म्हणजे टॅक्समध्ये वजावट मिळत नाही. दुसरं, जिंकलात तर त्या रकमेवर टॅक्स लागतो. माझं मत विचाराल तर पाच-दहा डॉलरचं मजा म्हणून घ्या, पण खरंच मदत करायची असेल तर सरळ फाउंडेशनला देणगी द्या आणि ऑफिसमध्ये मॅचिंग आहे का बघा. आपल्यातले अर्धेअधिक लोक आयटीत आहेत, कंपन्या तेवढीच रक्कम वरून घालतात आणि आपण फॉर्म भरायचा कंटाळा करतो. दहा मिनिटांचं काम आहे हो!

खेळाडूंनी घातलेली जर्सी लिलावात एवढ्या महाग का जातात?

कारण ती त्या दिवसाची आठवण असते. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर फेनवेमध्ये पहिली मॅच झाली तेव्हा जर्सीवर रेड सॉक्सऐवजी नुसतं बॉस्टन लिहिलं होतं. त्या जर्सी लिलावात काढून पैसे जखमींसाठीच्या वन फंडला दिले. त्या फंडात अडीच महिन्यांत ६ कोटी डॉलरच्या वर जमले होते, अर्थात सगळे बेसबॉलमधून नाहीत, पूर्ण शहराने, देशाने दिले. त्याच वर्षी टीमने वर्ल्ड सिरीज जिंकली. आमच्या शहराने तो सीझन कसा काढला ते इथे राहिलेल्यालाच कळेल.

मदर्स डेला गुलाबी बॅट दिसतात, त्यांचंही असंच, २००६ पासून, स्तनांच्या कॅन्सरसाठी. आणि १५ एप्रिलला सगळेच ४२ नंबर घालतात तो जॅकी रॉबिन्सनचा, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा मान.

पण पैसे खरंच पोचतात का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि विचारला म्हणून कुणी रागावू नये. बेसबॉलमध्ये या एका प्रश्नापायी माणूस गेलाय.

रोबर्टो क्लेमेंटे, पोर्टो रिकोचा, पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळायचा. १९७२ च्या सीझनच्या शेवटी त्याचे बरोबर ३००० हिट, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचणं, झाले. २३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वात मानाग्वा शहरात मोठा भूकंप झाला. क्लेमेंटेने घरोघरी फिरून मदत गोळा केली, विमानं पाठवली, आणि मग कानावर आलं की सामान लोकांपर्यंत जातच नाहीये, तिथला हुकूमशहा सोमोसाच्या राजवटीतले सैनिकच मधल्या मधे अडवतायत. तो म्हणाला मी स्वतः जातो, मी असलो तर हात लावणार नाहीत. ३१ डिसेंबरला, सगळे नवीन वर्षाची तयारी करत असताना, तो सान हुआनहून एका जुन्या, क्षमतेपेक्षा जास्त सामान भरलेल्या विमानात बसला. उडाल्यावर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेह सापडलाच नाही. वय ३८.

आज समाजासाठी सगळ्यात जास्त करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो आणि १५ सप्टेंबरला त्याचा दिवस पाळतात. मला वाटतं प्रत्येक टीमच्या फाउंडेशनच्या ऑफिसात त्याचा फोटो हवा, देणगी गोळा करणं हे अर्धंच काम आहे हे सांगायला.

तुम्हाला तपासायचं असेल तर सोपं आहे. अमेरिकेत बहुतेक चॅरिटींचा फॉर्म ९९० सगळ्यांना बघायला खुला असतो. त्यात किती जमले, कुणाला दिले, पगारावर आणि कार्यक्रमांवर किती गेले ते सगळं असतं. इथलीच पॅन-मास चॅलेंज ही सायकल राइड बघा, १९८० मध्ये ३६ जणांनी सुरू केली, रेड सॉक्स फाउंडेशन त्यांच्यासोबत आहे, आणि सायकलस्वारांनी जमवलेला शंभर टक्के पैसा कॅन्सर हॉस्पिटलला जातो, खर्च वेगळ्या मार्गाने भागवतात. २०२४ मध्ये साडेसात कोटी डॉलर दिले. असं असेल तर डोळे मिटून द्या.

आमच्या मंडळाला, मराठी शाळेला काही करता येईल का? आमच्याकडे पैसे नाहीत पण माणसं आहेत.

येईल, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. खूप स्टेडियममध्ये खाण्याचे काही स्टॉल संस्थांचे स्वयंसेवक चालवतात, आणि विक्रीतला काही टक्के हिस्सा त्या संस्थेला मिळतो. संस्था नोंदणीकृत हवी, आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं, बिअर विकायची तर त्याचं वेगळं. आम्ही काही जणांनी एका स्टेडियममध्ये हे केलंय. जुलैतला रविवार, पत्र्याखाली उभं, समोर न संपणारी रांग, हॉट डॉगचा ट्रे उघडला की चष्म्यावर वाफ, आणि शेजारी पासष्टीच्या कुलकर्णीकाकू, ज्यांनी आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता, त्या म्हणाल्या मला फक्त प्रेट्झेल आणि पाणी द्या, मी ते सांभाळते, आणि सातव्या इनिंगपर्यंत त्या अख्ख्या रांगेच्या लाडक्या झाल्या होत्या. पाय सुजले, पण शाळेच्या पुस्तकांचा प्रश्न सुटला.

एक चूक मात्र सांगून ठेवते. एकदा आम्ही फूड ड्राइव्हसाठी, म्हणजे गरजूंना धान्य-खाणं वाटणाऱ्या फूड बँकेला द्यायला, खाण्याचे बंद डबे गोळा केले आणि तारखा बघितल्याच नाहीत, निम्मे डबे मुदत संपलेले निघाले. फूड बँकेच्या लोकांना ते एकेक करून वेगळे काढावे लागले. घरातलं नको झालेलं देणं म्हणजे दान नाही. तेव्हापासून आम्ही शक्यतो रोख देतो, फूड बँकेला तेवढ्याच पैशात जास्त धान्य मिळतं.

आता पर्यावरणाकडे. स्टेडियम हिरवं म्हणजे नक्की काय करतात?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कचरा. मॅच संपल्यावर खुर्च्यांखाली बघा, शेंगांची टरफलं, कप, ट्रे, केचप. सिॲटल मरिनर्सचं उदाहरण मी सगळ्यांना देते. २००० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्याकडे जेमतेम १२ टक्के कचरा रिसायकल व्हायचा, नंतर काही वर्षांत तो आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला. जादू काही नाही. खाण्याची बहुतेक भांडी कंपोस्ट होणारी आणली, आणि मॅच संपली की सफाई कामगार स्टँडमधून दोनदा फिरतात, एकदा बाटल्या-कॅन उचलायला आणि एकदा खरकटं उचलायला. आपल्या भाषेत सांगायचं तर ओला कचरा सुका कचरा, बस. पुण्यात सोसायटीत जे भांडण रोज सकाळी होतं तेच त्यांनी चाळीस हजार लोकांसाठी सोडवलं. पण त्याचं श्रेय मी डब्यांना नाही देणार, रात्री अकरा वाजता वाकून हाताने वेचणाऱ्या माणसांना देईन.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचं मैदान २०१० मध्ये लीड सिल्व्हर, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचं, प्रमाणपत्र मिळवणारं मेजर लीगमधलं पहिलं जुनं स्टेडियम, तिथे सोलर २००७ मध्येच लागलं होतं. वॉशिंग्टनचं नॅशनल्स पार्क २००८ मध्ये बांधतानाच तसं बांधलं.

फेनवेच्या गच्चीवर खरंच शेती आहे?

आहे! २०१५ पासून. साधारण ५,००० चौरस फूट, तिसऱ्या बेसच्या बाजूला, ऑफिसच्या छपरावर. आणि वाफे कशात केलेत, तर दुधाच्या क्रेटमध्ये, ते प्लास्टिकचे चौकोनी असतात ना, त्यात कापड घालून माती भरलीये. टोमॅटो, मिरच्या, केल, तुळशीच्या जातीतली बेझिल. हजारो पौंड भाजी निघते आणि त्यातली बरीच स्टेडियमच्याच किचनमध्ये जाते. आईला घेऊन गेले तेव्हा ती मैदानाकडे पाठ करून कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, अगं हे तर आपल्या गच्चीवरच्या थर्माकोलच्या खोक्यांसारखंच, फक्त पाणी नळीने थेंबथेंब देतायत बघ. मॅच कुणी जिंकली ते तिला आठवत नाही, पण त्या नळ्या आठवतात.

पाण्याचं काय? एवढं गवत हिरवं ठेवायला किती पाणी लागत असेल.

लागतंच. मिनियापोलिसच्या टार्गेट फील्डमध्ये २०१० मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हाच पावसाचं पाणी साठवून गाळून खुर्च्या धुवायला वापरायची सोय केली. जपानमध्ये कोशिएन स्टेडियमच्याही छतावरचं पावसाचं पाणी मैदानासाठी वापरतात, वर सोलर पण आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाला हा प्रश्न जास्त टोचतो, कारण २०१६ आपण पाहिलंय. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि इकडे आयपीएलची मैदानं भिजवायची होती. मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅच राज्याबाहेर न्या म्हणून सांगितलं. तेव्हा कोर्टात जावं लागलं, कारण आधीपासून कुणी टाकी बांधली नव्हती. टंचाई येण्याआधी सोय करायची असते, स्टेडियम असो की सोसायटी.

बॅट लाकडाची असते, मग झाडं तोडली जात नाहीत का?

जातात, पण बॅटवाल्यांपेक्षा मोठा शत्रू एक किडा निघाला. पूर्वी बहुतेक बॅट ॲश नावाच्या झाडाच्या असायच्या, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क भागातल्या. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा चकाकणारा भुंगा सापडला, त्याच्या अळ्या सालीखालचं खाऊन झाड आतून मारतात. कोट्यवधी झाडं गेली. आज बहुतेक खेळाडू मेपलची बॅट वापरतात, ॲश जवळपास संपल्यातच जमा.

जपानची गोष्ट मात्र मला मनापासून भावते. तिकडे होक्काइडोमध्ये आओदामो नावाचं झाड, बॅटसाठी उत्तम, पण वाढायला साठ-सत्तर वर्षं लागतात. तर जपानमधलीच ह्योझाएमोन ही कंपनी मॅचमध्ये तुटलेल्या बॅट गोळा करून त्यांच्या जेवणाच्या काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स, बनवते, वर टीमचं चिन्ह, आणि विक्रीतला काही भाग आओदामोची रोपं लावायला जातो. आज लावलेल्या रोपाची बॅट आपली नातवंडं बघतील. काड्यांचं नाव कात्तोबाशी, म्हणजे प्रेक्षक जोरात मार असं ओरडतात तो शब्द आणि काडीला जपानीत असलेला शब्द एकत्र.

हे सगळं दिखावा नाही कशावरून?

काही आहेच. एका स्टेडियममध्ये पृथ्वी दिनाला आम्हाला फुकट टीशर्ट मिळाले, प्रत्येक टीशर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, गेटबाहेर पिशव्यांचा ढीग. लॉस एंजेलिसला डॉजर स्टेडियममध्ये वर्षानुवर्षं ‘७६’ नावाच्या पेट्रोल ब्रँडची जाहिरात आहे, पर्यावरणवाले ती काढा म्हणून मागे लागलेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. मिनियापोलिसमध्ये स्टेडियमला लागूनच कचरा जाळून वीज करणारा प्लांट आहे, स्टेडियमचा कचरा तिकडे जातो म्हणजे डंपिंग ग्राउंडवर जात नाही हे खरं, पण त्या धुराविरुद्ध आसपासची वस्ती वर्षानुवर्षं भांडतेय हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. मी एकच बघते, एका दिवसाचा कार्यक्रम आहे की ८१ दिवस चालणारी गोष्ट. फोटोपुरतं एक झाड लावलं तर मला त्यात रस नाही. रोज रात्री कचरा वेगळा होतो का, ते सांगा.

खेळाडूंना स्वतःला याचं काही पडलेलं असतं का?

काहींना खूप. ब्रेंट सुटर नावाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा खेळाडू, हार्वर्डला पर्यावरणाचाच अभ्यास केलेला, त्याने मिलवॉकीत असताना २०१९ मध्ये टीममेट्सना प्लास्टिकच्या बाटल्या सोडून स्वतःची बाटली वापरायला लावली. ड्रेसिंग रूममध्ये रोजच्या रोज किती बाटल्या वाचतात विचार करा. त्याआधी २००८ मध्ये क्रिस डिकरसन या खेळाडूने प्लेयर्स फॉर द प्लॅनेट ही पर्यावरणासाठीची खेळाडूंची संस्था सुरू केली होती.

आम्ही मॅचला येताना काय करू?

गाडी आणू नका. स्टेडियमच्या एकूण प्रदूषणात मोठा वाटा प्रेक्षकांच्या येण्या-जाण्याचा असतो, आणि फेनवेला तर ग्रीन लाइनने केनमोरला उतरलं की चालत पाच-सात मिनिटं, पार्किंगचे पैसे वाचतात ते रॅफलमध्ये घाला नाहीतर जिमी फंडात. घरून डबा आणायचा की नाही त्याचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे, आधी साइटवर बघून घ्या. आणि निघताना दोन मिनिटं द्या, आपल्या रांगेतले कप एकात एक घाला, उरलेलं खाणं कंपोस्टच्या डब्यात, बाटली वेगळी. मागे वेचायला येणाऱ्या ताईंचं वाकणं तेवढंच कमी होतं. मागच्या वेळी आमच्या ग्रुपने पूर्ण रांग अशी आवरली तेव्हा त्यांनी लांबूनच हात वर केला आणि पुढच्या रांगेकडे वळल्या.